तांबं एवढं, तरी झांबिया गरीब का? (त्या काळी तिथे राहिलेलं कोणी आहे का?)

फतेहगंजकर

नमस्कार. बडोद्यात राज्यशास्त्रात एम.ए. करतोय. सेमिनारला झांबिया घेतलाय, कारण होस्टेलमध्ये लुसाकाचा एक मित्र आहे आणि वाटलं माहिती आयतीच मिळेल. तर तो म्हणतो, "माझ्या आईला गणित शिकवायला इंडियन सर होते, त्यांना विचार!"

वाचायला गेलं की दोन टोकं सापडतात. एक म्हणतं पहिले राष्ट्राध्यक्ष कौंडा, त्यांच्या समाजवादानं देश बुडवला. दुसरं म्हणतं नाणेनिधी आणि परदेशी कंपन्यांनी लुटला. आकडे दोघांकडेही भरपूर. आजी सांगते की बडोद्यातून बरेच मास्तर तिकडे गेले होते. त्यांच्यापैकी कोणी इथे आहे का?

जोत्यावरचं घर

मी आहे. 1983 ते 1992, किटवे, सेकंडरी शाळेत गणित. आता दांडिया बाजारात असतो. गुडघे सोडले तर बरा आहे.

मी पिठापासून सुरुवात करतो, कारण मला तिथलं राजकारण पिठातूनच कळलं. मक्याचं पीठ शिजवून घट्ट गोळा करतात, त्याला न्शिमा म्हणतात. तो नसेल तर माणूस जेवलो म्हणत नाही. पीठ दोन प्रकारचं: 'ब्रेकफास्ट' म्हणजे पांढरं, बारीक चाळलेलं आणि 'रोलर' म्हणजे जाडंभरडं. दोन्हींवर सरकारची सबसिडी होती. डिसेंबर 1986 मध्ये नाणेनिधीच्या सल्ल्यानं ब्रेकफास्टची सबसिडी काढली आणि भाव एका दिवसात दुपटीच्या वर गेला. गरिबांसाठी रोलर स्वस्तच ठेवला होता. कागदावर काही चूक नव्हती. पण रोलरच्या फरकाचे पैसे सरकार गिरण्यांना देणार होतं, आणि सरकार ते देईल यावर गिरणीवाल्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी रोलर दळणंच थांबवलं. म्हणजे महाग पीठ परवडेना आणि स्वस्त पीठ दिसेना. किटवेत दुकानं फुटली, गोळीबार झाला, कॉपरबेल्टमध्ये, म्हणजे तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात, पंधरा माणसं गेली. आम्ही दिवे घालवून घरात बसलो होतो. शेजारी खाणीतले एक शिफ्ट बॉस राहायचे, त्यांच्या बायकोनं मागच्या दारानं येऊन आमच्याकडून चार वाट्या पीठ नेलं. खाणीतल्या पगारदाराची ही गत.

कौंडांनी भाव मागे घेतले, मे 1987 मध्ये नाणेनिधीशी फारकत घेतली आणि दोन-अडीच वर्षांत परत त्याच दारात गेले. जून 1990 मध्ये पुन्हा पीठ, पुन्हा दंगल, आणि महिनाअखेरीस एका लेफ्टनंटनं रेडिओवरून सत्ता घेतल्याचं जाहीर केलं. त्याची सत्ता काही तास टिकली.

आता कौंडा. गांधींना मानणारा माणूस, हातात पांढरा रुमाल, भाषण करताना डोळ्यांत पाणी. मला आवडायचे, लपवत नाही. 1969 मध्ये त्यांनी खाणींचा 51 टक्के हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. तत्त्व चांगलं, पण तेव्हा तांब्याचा भाव वर होता. भरपाईचे रोखे 1973 मध्ये परदेशी कर्ज काढून मुदतीआधीच फेडले. 1975 मध्ये भाव कोसळला, आणि निर्यातीचे नव्वद टक्क्यांहून जास्त पैसे तर तांब्याचेच. तरीही खाणीनं दवाखाना, शाळा, रस्ते चालवले. घरातला बल्ब गेला तर खाणीचा माणूस येऊन बदलून जायचा. हे सगळं उसनवारीवर चाललंय ते आम्हाला कळत नव्हतं. एकपक्षीय राज्य होतं, विचारणार कोण?

मग ऑक्टोबर 1991 मध्ये कौंडांना हरवून चिलुबा आले. कामगार संघटनेचे पुढारी, कौंडांनी तुरुंगात घातलेले. खाणकामगारांनी डोक्यावर घेऊन निवडून दिलेल्या या माणसानंच 1997 ते 2000 मध्ये खाणी विकल्या, तेव्हा भाव तळाला होता. करारात रॉयल्टी 0.6 टक्के आणि वर्षानुवर्षं कर वाढवायचा नाही अशी हमी. 2002 मध्ये टनाला दीड हजार डॉलरच्या आसपास असलेलं तांबं मे 2006 मध्ये आठ हजारांवर गेलं आणि सरकार बघत बसलं. 2008 मध्ये चिलुबांनंतरचे राष्ट्राध्यक्ष म्वानावासा यांनी जादा नफ्यावर कर लावला, त्याच वर्षी ते वारले आणि 2009 मध्ये तो कर निघाला.

तर समाजवाद की कंपन्या, असं मी विचारत नाही. मी विचारतो, घेतलं तेव्हा भाव काय होता आणि विकलं तेव्हा काय होता? महाग असताना घेतलं, स्वस्त असताना विकलं. दोन्ही वेळा देशाचा हात दगडाखाली होता, पण त्याला नाव तत्त्वाचं दिलं. समोरचा मात्र थांबू शकत होता. हे गणित माझ्या आठवीच्या पोरांनाही जमलं असतं.

बोत्स्वानाचं काय

काका, छान लिहिलंय, पण सगळी जबाबदारी भावावर टाकलीत. शेजारचा बोत्स्वाना 1966 ला स्वतंत्र झाला तेव्हा झांबियापेक्षा कितीतरी गरीब होता. तिथेही एकच परदेशी कंपनी, हिऱ्यांची. मग ते कसे तरले? प्रामाणिक सरकार हाच फरक.

रावपुरा सीए

प्रामाणिकपणा ठीक आहे, पण बिलं पण बघा. ट्रान्सफर प्रायसिंग म्हणजे आपल्याच गटातल्या बाहेरदेशीच्या कंपनीला माल कमी भावात विकायचा. इथला नफा कमी दिसतो, कर कमी लागतो, खरा नफा दुसऱ्या देशात उगवतो. झांबियाच्या निर्यातीच्या आकड्यांत एकेकाळी निम्म्याच्या आसपास तांबं स्वित्झर्लंडला जाताना दिसायचं. तिथे एवढं तांबं उतरवून घ्यायला समुद्र तरी कुठे आहे? 2006 ते 2009 च्या विक्रीवरून कर खात्यानं मोपानी या खाण कंपनीवर दावा केला आणि 2020 मध्ये झांबियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल खात्याच्या बाजूनं दिला. रक्कम सुमारे 1.3 कोटी डॉलर. त्याच वर्षी नोव्हेंबरात देशाला 4.25 कोटी डॉलरचं व्याज भरता आलं नाही आणि तो दिवाळखोर ठरला.

आमच्या ऑफिसात असली बिलं रोज दिसतात, फक्त शून्यं कमी.

जोत्यावरचं घर

बोत्स्वानाचा मुद्दा मान्य, आणि सीएसाहेबांचाही. बोत्स्वानानं डी बीअर्सशी बसून बोलून निम्मा हिस्सा करून घेतला आणि तो सोडला नाही. ना झटक्यात घेतलं, ना पाण्याच्या भावात विकलं. शिवाय त्यांची माणसं थोडी. आणि झांबियाच्या दाराशी गोऱ्यांच्या राज्याचा ऱ्होडेशिया (आजचा झिम्बाब्वे) होता, त्याच्याशी वाकडं घेऊन स्वातंत्र्यलढ्यांना आसरा दिला. तांबं समुद्रापर्यंत न्यायला चिन्यांकडून दार-एस-सलामपर्यंत 1860 किलोमीटरची रेल्वे बांधून घ्यावी लागली. तत्त्वासाठी पदरमोड केली ती इथे, आणि त्याबद्दल मी कौंडांना कधीच नावं ठेवणार नाही.

आपल्याकडचेही धुतल्या तांदळासारखे नव्हते. 1997 मध्ये लुआन्श्याची खाण भारतातल्याच एका कंपनीनं घेतली, 2000 मध्ये ती बुडीत निघाली. तिथे लागलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याचं पत्र आलं होतं, पगार थकलाय म्हणून. शेवटी लिहिलं होतं, "सर, तुमच्याकडचे लोक हिशोबात पक्के असतात ना?" उत्तर लिहायला मला दोन महिने लागले.

फतेहगंजकर

काका, खूप आभार. मित्राला वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, त्याच्या आजीकडे अजून खाणीतून मिळालेलं घर आहे, फक्त बल्ब स्वतः आणावा लागतो. एक विचारू? हे 'जोत्यावरचं घर' काय आहे?

जोत्यावरचं घर

अरे, ऑक्टोबर 1985 मध्ये तिथे डॉलरचा आठवडी लिलाव सुरू झाला. आधी डॉलरला सव्वादोन क्वाचा पडायचे, पहिल्याच लिलावात पाच, दीड वर्षात विसाच्या वर. माझा पगार क्वाचात. बडोद्यात घराचं जोतं बांधून झालं होतं, त्यावर सहा वर्षं शेजाऱ्यांनी पापड वाळवले.

रविवारी ये, मित्रालाही आण. दाहोदकडचं पांढऱ्या मक्याचं पीठ आहे घरात. न्शिमा मी करतो, हिचा पातळ होतो.