एअर पिस्तुलावर रेड डॉट बसवावी का?

करवीरकर४८: कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. गच्चीवरच्या शेडमध्ये १० मीटरवर सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणाऱ्या) पिस्तुलाचा सराव करतो. चाळिशी लागल्यापासून फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) धूसर दिसते, टार्गेट मात्र स्वच्छ. पिस्तुलावर पिकॅटिनी पट्टी (साइट बसवायची खाचांची पट्टी) आहे, म्हणून रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, घ्यायचा विचार आहे. ठिपका ३ एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) घेऊ की ६ चा? पुढं जिल्हा स्पर्धेतही उतरायचंय.

दुधाळीचा_जुना: दादा, स्पर्धेचं आधी सांगतो. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तूल प्रकारांत फक्त उघडी, म्हणजे भिंग-ठिपका नसलेली साधी साइट चालते, डॉट असलेलं पिस्तूल तपासणीतच अडकेल. आपल्या राही सरनोबतनं २०१८ ला पालेम्बांगमध्ये २५ मीटरचं एशियाडचं सोनं घेतलं तेही उघड्या साइटवरच. चष्म्याला मात्र बंदी नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाताना हात लांब केल्यावर डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंत किती अंतर पडतं ते मोजून न्या आणि त्या अंतराचा नंबर काढून घ्या. टार्गेट थोडं पुसट दिसेल, ते तसंच दिसायला हवं.

निव्वळ आनंदासाठी मारणार असाल तर डॉट जरूर घ्या, या वयात डोळ्याला फार आराम पडतो. १० मीटरवर १ एमओए म्हणजे जवळपास ३ मिमी. ३ चा ठिपका ९ मिमी झाकतो, ६ चा साडेसतरा. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ आहे साडेअकरा मिमीचं! म्हणून कागदावर सावकाश मारायला ३ च. पत्र्याचे डबे भराभर पाडायचे असतील तर ६, तो नजरेला लवकर सापडतो.

चष्मेवाला_राजारामपुरी: घ्यायच्या आधी दुकानातच ठिपका बघा. फाटलेला किंवा धूमकेतूसारखा दिसला तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून परत बघा. कॅमेऱ्यात गोल दिसला तर साइट ठीक आहे, तुमच्या डोळ्यात सिलिंडरचा नंबर (दृष्टिवैषम्य) असणार. आधी ठिपक्याचा प्रकाश कमी करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

करवीरकर४८: मग चष्मा आधी करतो. डॉट नंतर घेतलीच तर तिच्यातली उघडी (ठिपक्याचा दिवा उघडा असलेली) की बंद (दिवा काचेआड असलेली)?

दुधाळीचा_जुना: आपल्याकडं जून ते सप्टेंबर सगळं दमट, आणि तुमची गच्ची. उघड्या डॉटमध्ये प्रकाश सोडणाऱ्या दिव्यावर पाण्याचा एक थेंब बसला तरी ठिपका विस्कटतो. बंदच घ्या, जड असली तरी. पट्टीला घट्ट आवळा आणि १० मीटरवरच शून्य करा, म्हणजे ठिपका असेल तिथंच छर्रा लागेल अशी जुळवा. साइटच्या स्क्रूच्या एका क्लिकला १ एमओए असेल तर छर्रा ३ सेंमी खाली लागल्यावर १० क्लिक वर. इतक्या जवळ ठिपका काचेच्या मधोमध ठेवायची सवय लावा, कडेला गेला की नेम थोडा सरकतो.

आणि सीआर२०३२ सेलवर चालणारी बघा, तो सेल महाद्वार रोडला कुठंही मिळतो.