मदत हवी आहे: अँपचा लाल दिवा जातच नाही

चौथा_गिअर: कालपासून गाडीतला अँप (स्टिरिओचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर) बंद. चावी फिरवली की लाल दिवा लागतो, आवाज अजिबात नाही. फ्यूज शाबूत आहे. उद्या पहाटे लांब निघायचंय, लवकर सांगा काय करू.

तांब्याची_तार: किती चॅनल? काय काय जोडलंय? लाल दिवा म्हणजे प्रोटेक्शन, बिघाड जाणवून अँपने स्वतःला बंद ठेवलंय. जोडणी कळल्याशिवाय काय सांगणार?

चौथा_गिअर: चार चॅनल. दोनवर पुढचे स्पीकर, उरलेले दोन ब्रिज करून (एकत्र जोडून) वूफर, म्हणजे बेसचा स्पीकर.

जुना_टेपवाला: अर्थची वायर बघा, गाडीच्या पत्र्याला लागते ती. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं, बोल्ट रंगावरच आवळलेला. पत्रा घासून चकचकीत करा, मग आवळा.

तांब्याची_तार: कच्च्या अर्थने अँप बहुतेक आवाज वाढवल्यावर बंद पडतो, इथे तो सुरूच होत नाहीये. आधी स्पीकरच्या आणि आरसीएच्या (स्टिरिओकडून आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या) सगळ्या वायरी काढा. फक्त पॉवर, अर्थ आणि रिमोट (स्टिरिओकडून अँप चालू करणारी वायर) ठेवा. दिवा गेला तर दोष बाहेर, राहिला तर अँपच्या आत.

जुना_टेपवाला: पाच मिनिटांचं काम आहे हो, सोपं ते आधी बघावं.

रात्रीचा_प्रवासी: इंजिनबरोबर शिट्टी वाढते का? आरसीए आणि पॉवरची वायर दोन वेगळ्या बाजूंनी न्या.

हळू_चालवा: फ्यूज एक नंबर मोठा टाकून बघा.

तांब्याची_तार: अजिबात नको! फ्यूज वायर पेटू नये म्हणून असतो. आणि यांचा उडालेलाच नाही.

चौथा_गिअर: शिट्टी नाही, आवाजच नाही म्हटलं ना. पत्रा घासला, फरक शून्य. वायरी काढल्या तरी दिवा तसाच. रविवारी वूफर बदलला होता, त्याचा काही संबंध?

तांब्याची_तार: हे आधी सांगायला हवं होतं. वूफरच्या आत कॉइल किती, कशा जोडल्या?

चौथा_गिअर: दोन, प्रत्येकी 4 ओहम. प्लसला प्लस, मायनसला मायनस.

तांब्याची_तार: म्हणजे पॅरलल, 2 ओहम. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलवर त्याच्या निम्मा, 1 ओहमचा भार येतो; ओहम जितके कमी, तितका अँपवर ताण जास्त. बहुतेक चार चॅनल अँपना ब्रिजमध्ये 4 ओहमच्या खाली चालत नाही. आउटपुट ट्रान्झिस्टर गेला असणार. फ्यूज काढा, दहा मिनिटं थांबा, झाकण उघडा. मीटर डायोडवर ठेवून प्रत्येकाच्या मधल्या आणि उजव्या पायात मोजा. पुढच्या स्पीकरचे चॅनल चांगले असतील, त्यांच्याशी ताडून पाहा.

चौथा_गिअर: सापडला! वूफरच्या बाजूला एकावर थेट बीप, म्हणजे शॉर्ट. त्याच्या पायांशी बोर्ड तपकिरी पडलाय. एवढाच बदलू?

तांब्याची_तार: जोडीच बदला, एनपीएन आणि पीएनपी (ट्रान्झिस्टरचे दोन उलट प्रकार) दोन्ही. शेजारचे पांढरे सिमेंटचे रेझिस्टरही मोजा, जळून ओपन झालेले (आतून तुटलेले) असू शकतात. ट्रान्झिस्टरखालचा अभ्रक तडकलेला असेल तर नवीन टाका, नाहीतर हीटसिंकला शॉर्ट होऊन नवा ट्रान्झिस्टरही जाईल. पहिल्यांदा चालू करताना फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावा. क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, लख्ख राहिला तर लगेच बंद करा. आउटपुटवर डीसी 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर जोडा. आणि वूफरच्या कॉइल आता सिरीजमध्ये (एकीमागे एक) जोडा, 8 ओहम.

रात्रीचा_प्रवासी: 8 ओहमला दणका कमी होईल.

तांब्याची_तार: होईल, पण अँप टिकेल.

चौथा_गिअर: हे उद्यापर्यंत होत नाही. तोवर पुढचे स्पीकर थेट स्टिरिओला जोडू का?

जुना_टेपवाला: खुशाल जोडा. फक्त स्पीकरची मायनस गाडीच्या बॉडीला लावू नका, स्टिरिओच्या मागच्या मायनस वायरलाच जोडा. बॉडीला लागली तर स्टिरिओही जाईल.