गाडी उभी, इंजिन चालू: मुंबईतले तुमचे अनुभव लिहा

सल्ले सगळ्यांना पाठ आहेत. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करून परत चालू करण्यातच इंधन वाचतं, हे पीयूसीवालाही सांगतो. दिल्लीत 2020 साली लाल सिग्नलला गाडी बंद करायची मोहीमही झाली. इथे फक्त अनुभव हवेत: कुठे बंद करता, कुठे मुद्दाम करत नाही, आणि दुसऱ्याला सांगून पाहिलं तर काय ऐकून घ्यावं लागलं.

कुर्लेकर
एलबीएस रोड, बाइक. न्यूट्रल टाकून क्लच सोडला की पाच सेकंदांत आपोआप बंद होते, क्लच दाबला की सुरू. त्यामुळे मला काही करावंच लागत नाही. पण टायमरवर अजून आकडे दिसत असतानाच मागचा हॉर्न मारायला लागतो. हॉर्न वाढले की लाल सिग्नल पुन्हा पहिल्यापासून मोजणारा तो 2020 चा पोलिसांचा प्रयोग आठवतो का? तो आमच्या नाक्यावर कायमचा बसवा, माझी तक्रार नाही.

पहिला मजला
पार्ल्याची जुनी बिल्डिंग, खाली स्टिल्ट पार्किंग, वर आमचं स्वयंपाकघर. बिल्डिंगमधले एक काका आठवडाभर लोकलने जातात आणि रविवारी सकाळी खाली उतरून गाडी 'चार्ज' करतात. म्हणजे चावी फिरवायची, बॉनेटवर पेपर पसरायचा आणि संपूर्ण पुरवणी वाचून होईपर्यंत इंजिन चालू. सायलेन्सर बरोब्बर आमच्या ग्रिलकडे. कांदेपोहे पेट्रोलच्या वासाचे लागतात हो! सांगितलं तर म्हणाले, "अगं, बॅटरी उतरते ना." शिवाय इंजिन गरम करायला हवं म्हणतात. मुंबईत कुठली थंडी? चोक ओढायच्या काळातली सवय आहे ती, फिएट गेली तरी राहिलेली. शेवटी आमच्या मुलाने त्यांना गाडीचं मॅन्युअल काढून दाखवलं, त्यात सुरू करून सावकाश चालवायला लागा असंच लिहिलंय. आता गाडी तोंड बाहेर करून न लावता उलटी लावतात, धूर रस्त्याकडे जातो. पुरवणी अजून वाचतात.

ग्रीस
गॅरेज आहे म्हणून लिहितो. ताई, काकांना सांगा, उभ्या गाडीत अल्टरनेटर जेमतेम चार्जिंग देतो, त्यात एसी लावला तर उरतं काय? आठवड्यातून एकदा अर्धा तास वांद्र्यापर्यंत फिरवून आणा, बॅटरी खूश. बीएस-6 डिझेलवाल्यांनी तर उभ्या उभ्या चालू ठेवूच नये. सायलेन्सरमधल्या फिल्टरमध्ये काजळी साठते, ती जळायला गाडी जरा वेगात पळावी लागते. नुसती उभी ठेवली तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मग माझ्याकडे येतात.
दोन ठिकाणी मात्र बंद करू नका. टर्बो गाडी एक्स्प्रेसवेवरून दामटून आणली असेल तर अर्धा-एक मिनिट चालू राहू दे. आणि हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात शिरलाच असाल तर तिथे बंद करायची नाही. पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही, ढकलायची. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, मग विषय इंजिन उघडण्यावर जातो.

काळीपिवळी
सीएनजीची टॅक्सी. सकाळी थंड असताना पेट्रोलवर सुरू होते, मग गॅसवर जाते. म्हणून कितीतरी जण सिग्नलला बंदच करत नाहीत, पेट्रोल जाईल म्हणून. इंजिन गरम असलं की लगेच गॅसवर येते, माझा रोजचा अनुभव. पंपाच्या रांगेत बघा, रिक्षावाले पायाने ढकलत पुढे सरकतात. फुकट जाळायला कोणाकडे आहे?

सारथी
मी साहेबांची गाडी चालवतो, बीकेसीला. तुम्ही लोक सिग्नलचं बोलता, खरं इंजिन चालतं ते ऑफिसखाली. मीटिंग कधी संपेल माहीत नाही, गाडी थंड मिळाली पाहिजे असा हुकूम. लॉबीत बसू देत नाहीत, टॉयलेट बेसमेंटला, तेही वॉचमन ओळखीचा असेल तर. मे महिन्यात काच लावून एसीत बसलो तर म्हणतात, ड्रायव्हर लोक पेट्रोल जाळतात. बसू कुठे?
मीच एकदा साहेबांना म्हटलं, लिफ्टकडे निघताना मिस्ड कॉल द्या. आता फोन आला की चारही काचा खाली, कोंडलेली गरम हवा बाहेर, मग काच वर आणि एसी. ते येईस्तोवर बसण्याइतकी गार होते. बाकी वेळ बंद. पण झाड मिळालं तर.

माहीमची लेक
थोडं वेगळं. आईला डायलिसिसहून आणते. तिला उतरवायला व्हीलचेअर यायला वेळ लागतो, तोवर मी एसी बंद करणार नाही. एका गृहस्थांनी काच वाजवून भाषण दिलं. आधी आत कोण आहे ते बघा, एवढंच.

धागाकर्ता
माहीमताई, पूर्ण पटलं. माझा राग वेगळ्यांवर आहे, गाडी चालू ठेवून वडापाव आणायला उतरणाऱ्यांवर. मोटार वाहन कायद्याचं कलम 126 आहे त्यावर: सार्वजनिक जागी गाडी उभी तर सीटवर लायसन्सवाला हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला.

सेक्रेटरीबाई
सारथीदादा, तुमचं वाचून मीटिंगमध्ये विषय घेतला. आमच्या सोसायटीत, मुलुंडला, पंपरूमशेजारची खोली रिकामी होती. "ड्रायव्हर लोक पत्ते कुटत बसतील" अशी हरकत आली. पार्किंगकडे खिडक्या असलेल्या सगळ्यांनी हात वर केले आणि ठराव झाला. बाक, माठ, पंखा. दुपारी गेटपाशी घरघरणाऱ्या गाड्या निम्म्याहून कमी झाल्यात. पंख्याचं बिल कॉमन मीटरवर की फक्त गाडीवाल्यांवर, यावर पुढच्या मीटिंगला भांडण ठरलेलं आहे.