मदत हवी आहे: जँगोसाठी छोटं मॉडेल फाइन-ट्यून केलं, पण उत्तरं जुन्या आवृत्तीचीच येतात

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये तिसऱ्या वर्षाची मुलं जँगोवर (पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट) प्रोजेक्ट करतात. नेटचा भरवसा नाही, मशीन ८ जीबी रॅमची, ग्राफिक्स कार्डाचा पत्ता नाही. म्हणून कोड लिहून देणारं, लोकल चालणारं भाषा-मॉडेल घेतलं: क्वेन २.५ कोडर, १.५ बिलियनवालं इन्स्ट्रक्ट. चार बिटांत क्वांटाइझ केलं (म्हणजे त्यातले आकडे कमी अचूकतेने साठवले) की फाइल साधारण एक जीबीची होते आणि लामा-सीपीपी या प्रोग्रॅमने नुसत्या सीपीयूवरही निभावून जातं. परवाना अपाची २.०, त्यामुळे ती कटकट नाही. (३ बिलियनवाल्याचा परवाना वेगळा आहे, म्हणून ते बाजूला ठेवलं.)

फाइन-ट्यूनिंग, म्हणजे तयार मॉडेलला आपल्या डेटावर आणखी शिकवणं, केलं गूगल कोलॅबच्या फुकटच्या टी४ ग्राफिक्स कार्डावर. पद्धत क्यूलोरा (मूळ मॉडेल चार बिटांत गोठवून त्यावर छोटा जोड-थर शिकवणं; रँक म्हणजे त्या थराचा आकार), रँक १६, अल्फा ३२, लर्निंग रेट ०.०००२, तीन इपॉक (डेटावरून तीन फेऱ्या). डेटा म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या डंपमधले जँगो टॅगचे प्रश्न आणि त्यांची स्वीकारलेली उत्तरं.

आता दुखणं. विचारलं, ‘जँगो ५.२ मध्ये नॅव्हबारवर लॉगआउट कसं देऊ?’ मॉडेलने लॉगआउटच्या यूआरएलची साधी लिंक दिली. मुलाने ती टेम्प्लेटमध्ये चिकटवली, क्लिक केलं, समोर ४०५ (‘ही रिक्वेस्ट-पद्धत चालत नाही’ची एरर). ५.० पासून लॉगआउट व्ह्यू गेट रिक्वेस्ट घेतच नाही, पोस्टचा फॉर्म लागतो आणि त्यात सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आल्याची खूण). पत्ते व्ह्यूंना जोडणारं जुनं ‘यूआरएल’ फंक्शन ४.० मध्येच काढून टाकलंय, तेही सारखं डोकं वर काढतं. राग याचा येतो की फाइन-ट्यून न केलेलं मूळ मॉडेल त्याच्या जागचं ‘पाथ’ वापरून बरं उत्तर देत होतं!

शिवाय ‘वरच्या कॉमेंटमध्ये म्हटल्याप्रमाणे’ असं ठोकून देतं. वर कॉमेंट कुठली आलीय? आणि उत्तर संपलं तरी थांबत नाही, स्वतःच पुढचा प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देत बसतं.

फक्त २०१८ नंतरची उत्तरं ठेवून पाहावं म्हटलं तर डेटा आटतो, आणि भरपूर मतं मिळालेली उत्तरं नेमकी जुनी निघतात. रँक ६४ करू का? की हा रस्ताच चुकीचा आहे?

प्रतिसाद:
रँकला हात लावू नका, दुखणं तिथे नाही. स्टॅक ओव्हरफ्लोची ही उत्तरं मॉडेलने प्रीट्रेनिंगमध्ये (मूळ घडणीत) वाचलेली असणारच. तुम्ही त्यातली जुनी पुन्हा घोकून घेतलीत, तीही तीनदा. पहिल्या इपॉकनंतर व्हॅलिडेशन लॉस (बाजूला ठेवलेल्या नमुन्यांवरची चूक) वर जातोय का ते बघा. माझी पैज, जात असेल.

न थांबण्याचं कारण बहुतेक पॅडिंग टोकन, म्हणजे नमुने सारख्या लांबीचे करायला घातलेली भर. पॅड आणि शेवटचं टोकन एकच ठेवलं तर कोलेटर (नमुन्यांचे गठ्ठे बांधणारा भाग) लॉस काढताना दोन्ही झाकतो, मग ‘इथे थांब’ हे मॉडेलला कोणी शिकवतच नाही. पॅड वेगळं ठेवा, क्वेनचंच चॅट टेम्प्लेट वापरा, आणि लॉस फक्त उत्तरावर मोजा, प्रश्नावर नको.

आवृत्तीचं ज्ञान लोराने कोंबायला जाऊ नका. एवढ्याशा मॉडेलला नवी माहिती अशी भरवली की ते आत्मविश्वासाने थापा मारायला शिकतं. जँगोच्या रिपॉझिटरीत डॉक्स फोल्डर आहे, प्रत्येक आवृत्तीची वेगळी ब्रँच. ५.२ची ब्रँच उतरवून तुकडे करा आणि लॅबच्या मशीनवरच सर्च बसवा, म्हणजे प्रश्नाशी जुळणारे तुकडे शोधून मॉडेलला प्रश्नासोबत देता येतील. ५.२ला एप्रिल २०२८पर्यंत सपोर्ट आहे, म्हणजे हे काम लगेच वाया जात नाही. फाइन-ट्यूनिंग करायचंच तर ‘डॉक्सचा तुकडा, प्रश्न, उत्तर’ अशा नमुन्यांवर करा, आणि काही नमुन्यांत मुद्दाम गैरलागू तुकडा घालून ‘यात उत्तर नाही’ असं लिहा. असे हजारभर हाताने तपासलेले नमुने तुमच्या अख्ख्या डंपला भारी पडतील.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. भर इतकीच, की तपासणी डोळ्यांनी करू नका. ५.२चा कोरा प्रोजेक्ट ठेवा, मॉडेलचा कोड त्यात टाका, जँगोची ‘मॅनेज-पाय चेक’ ही तपासणी चालवा आणि टेस्ट क्लायंटने (ब्राउझरची नक्कल करणारं साधन) पान मागवा. लॉगआउटसारखी भानगड चेकमध्ये दिसत नाही, टेस्ट क्लायंटमध्येच पकडली जाते. मूळ मॉडेललाही हीच परीक्षा द्या. नाहीतर सुधारलं की बिघडलं हे कळणार कसं?

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. पॅड वेगळं केल्यावर बडबड थांबली. व्हॅलिडेशन लॉसची पैजही तुम्ही जिंकलात. आता डॉक्सकडे वळतोय, तिथे नवी अडचण: जँगोच्या ‘मॉडेल फॉर्म्स’ या विषयावरच्या पानांचे तुकडे इतके लांब होतात की दोन-तीन घातले तरी सीपीयूवर पहिला शब्द यायला मिनिट लागतं. तुकडे मथळ्यांवर तोडावेत की कोडच्या उदाहरणांवर? आणि मुलं प्रश्न ‘फॉर्म सेव्हच होत नाही सर’ असा मराठी-इंग्रजी मिसळून विचारतात, त्याला चालेल असं एखादं हलकं एम्बेडिंग मॉडेल (अर्थावरून तुकडे शोधायला मजकुराचे आकडे करणारं) कोणी वापरलंय का?