चिकटलेलं ड्रेसिंग ओढून काढायचं की भिजवून?

बाबांना शुगर आहे, तळपायाच्या जखमेचं डिब्राइडमेंट (मेलेलं मांस कापून काढणं) झालं आणि आता रोज घरी ड्रेसिंग चालू आहे. जो माणूस येतो तो सुकलेलं गॉज सरळ ओढतो, रक्त येतं, विचारलं तर म्हणतो घाण त्याच्यासोबतच निघते. बाबा म्हणतात दुखत नाही. मला बघवत नाही. भिजवून काढलं तर चालतं का?

सर्जिकलवाली सिस्टर: तो म्हणतो ती पद्धत आहे, जुनी आहे, ओलं गॉज ठेवायचं आणि सुकलं की ओढायचं, मेलेलं मांस चिकटून येतं. पण गॉजला चांगलं-वाईट कुठे कळतं, खाली नवीन लाल दाणेदार मांस येत असतं तेही उपटून येतं. सर्जनने मुद्दाम तसंच सांगितलंय का ते आधी विचारा. आणि दुखत नाही यावर जाऊ नका दादा, शुगरमुळे पायाच्या नसा बधिर होतात.
भिजवायला ०.९ टक्केवालं नॉर्मल सलाईन घ्या. आधी चिकटपट्टी, एका हाताने कातडी धरून ठेवायची आणि पट्टी वर न उचलता कातडीलगत हळूहळू मागे न्यायची, केसांच्या दिशेने. मग गॉजवर सलाईन ओतून पाच-दहा मिनिटं थांबा, कडेकडून सोडवत आत या, अडलं की परत ओता. आत गॉज भरलेलं असेल तर किती तुकडे घातले ते लिहून ठेवा आणि काढताना मोजा, एखादा आत राहिला तर पू झालाच समजा.

नाशिककर: हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, फेस येऊन झटकन सुटतं

सर्जिकलवाली सिस्टर: नको हो, रोज तर नकोच, नवीन पेशी मारतं ते. त्यापेक्षा सर्जनना पॅराफिन गॉजचं विचारा, जखमेला चिकटतच नाही फारसं. रक्त आलंच तर स्वच्छ गॉजने दहा मिनिटं दाबून धरा, मधे उचलून बघायचं नाही, तरी थांबलं नाही तर हॉस्पिटल गाठा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सर्जनना सांगाच.

प्रश्नकर्ता: इकोस्प्रिन चालू आहे, सांगतो त्यांना. ५०० एमएलची सलाईन बाटली उघडली तर किती दिवस पुरवायची?

सर्जिकलवाली सिस्टर: दिवस नाही, २४ तास, उरलेली फेकायची. १०० एमएलच्या घ्या, परवडतील.