फोटो चोरला दुसऱ्यानं, फोन फुटला पोरीचा

गोदाकाठची: शेजारच्या पोरीच्या नावानं कुणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं खातं काढलं. गॅदरिंगचा निळ्या साडीतला फोटो, खाली तिचा खरा नंबर आणि नको तो मजकूर. रात्री दोनपर्यंत फोन वाजत होता. सकाळी बापानं तो उंबऱ्यावर आपटून फोडला. लातूरचा नीटचा क्लास बंद, आता स्थळं बघायलेत. कॉल, मेसेज, सगळा पुरावा त्या फोनमध्ये होता! माझं स्पष्ट म्हणणं आहे, अशा वेळी फोन पोरीच्याच हातात राहायला पाहिजे.

लेकीचा_बाप: ताई, बापाला बोलणं सोपं आहे. आम्ही नवराबायको सहा महिने ऊसतोडीला, लेक बीडकडं आजीजवळ. ठाण्याची पायरी चढली की दुपारपर्यंत गावभर होतं. मग सोयरीक कोण करणार? त्यापेक्षा फोटोच टाकू नयेत.

गोदाकाठची: दादा, तिनं टाकलाच नव्हता. कॉलेजच्या ग्रुपवरून उचलला. आणि आजीजवळ एकट्या राहणाऱ्या लेकीचा फोन काढून घेतला तर अडीनडीला ती तुम्हाला हाक कशी मारणार?

काळा_कोट: दादांची अडचण खोटी नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो. आपल्याकडं खेड्यातली कितीतरी ठाणी सहायक निरीक्षकाकडं, म्हणून 'जिल्ह्याला जा' ऐकावं लागतं. तरी तक्रार नोंदवून घ्यायला नकार देता येत नाही. हद्दीबाहेरचा गुन्हा असला तरी शून्य क्रमांकानं नोंदवावाच लागतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते, पण मग तिचा पाठपुरावा करता येत नाही. आणि खोट्या खात्याची तक्रार कंपनीकडं तिच्या वतीनं बापालाही करता येते. २०२१ च्या नियमांनी ते काढायला २४ तासांची मुदत घातली होती, २०२६ च्या दुरुस्तीनं ती दोन तासांवर आणली. मात्र आधी खात्याची लिंक आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा.

मांजराकाठ: एवढं करून काय? न्याय संहितेच्या कलम ७८ खाली ऑनलाइन पाठलाग पहिल्यांदा केला तर जामीन आहेच. पोरगा संध्याकाळी पारावर. त्यापेक्षा चार माणसं बसवून माफी मागायला लावा.

गोदाकाठची: आमच्या गावात एकदा तसंच मिटवलं होतं. चार माणसांत ती पोरगी कुठंच नव्हती. माफी मागितली सरपंचाची! फोटो नंतर कितीतरी दिवस फिरत होता. जामीन मिळाला तरी कागदावर नाव राहतं, आणि त्यानंच परत केलं, दोष सिद्ध झाला, तर जामीन हक्कानं मिळत नाही, शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. बैठकीनं यातलं काय मिळतं?

लेकीचा_बाप: वकीलसाहेब, लिंकचं लेकीला फोनवर वाचून दाखवलं. तिला आधीच माहीत होतं म्हणे. फोन काढून घेणार नाही, एवढा शब्द दिला तिला. सोयरीकीचं मात्र तुम्ही कुणीच बोलला नाहीत.