पाण्यात उभं पीक: 'ताण', 'सुकणं' की 'माना टाकणं'?

खानापूरकर: संततधारेत परसातल्या टोमॅटोच्या वाफ्यात पाणी साचलंय, पानं खाली आलीत. शेजारी म्हणतात, "टोमॅटो सुकूलाय." शेतीच्या एका पत्रिकेत अशाला 'पाण्याचा ताण' लिहिलंय. घोटाभर पाण्यात ताण कसला?

अथणीकर: आमच्याकडे ताण बसतो, तसा मुद्दाम दिलाही जातो. डाळिंबाचं पाणी तोडायचं, पानगळ होऊ द्यायची, मग पाणी सोडून बहार धरायचा, म्हणजे एकदम फुलं आणायची. 'पाण्याचा ताण' म्हटलं की आम्हाला टंचाईच ऐकू येते. पाणी जास्त झालं तर सरळ 'पाणी साचलं' म्हणावं. पत्रिकेतला शब्द शुद्ध इंग्रजी डोक्यातून आलाय.

निपाणीचा मास्तर: आधी पान चिमटीत धरून बघा. ढिलं लागतं की ताठ?

माती कोरडी पडली की झाडात अब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं. त्यानं पर्णरंध्रांच्या, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांच्या, कडेच्या रक्षक पेशींतलं पाणी उतरतं, रंध्रं मिटतात, बाष्प वाचतं. तरीही पाणी पुरलं नाही तर पान ढिलं पडतं. हे खरं सुकणं. दुपारी सुकलेलं संध्याकाळी सावरतं. 'वाळलेलं' मात्र परत येत नाही. हा फरक पिकाबद्दल बोलताना पाळलेला बरा. (कन्नडमध्ये सुकण्याला 'बाडू'.)

साचलेल्या पाण्यात गोष्ट वेगळी. मुळांना प्राणवायू मिळत नाही. इथिलीन हे वायुरूप संप्रेरक ज्यापासून बनतं तो पदार्थ मुळांत साठतो, रसाबरोबर वर चढतो आणि वर हवा मिळाली की त्याचं इथिलीन होतं. मग टोमॅटोच्या पानाच्या देठाची वरची बाजू खालच्यापेक्षा जास्त वाढते आणि पान खाली वळतं. पान ताठच असतं, देठ वाकलेला. पुढे मुळं पाणी ओढेनाशी झाली, तर भर पाण्यात खरोखर सुकतंही.

खानापूरकर: ताठ आहे! म्हणजे 'माना टाकल्या'? आणि पलीकडच्या भाताला काहीच कसं नाही?

निपाणीचा मास्तर: भाताच्या खोडामुळांत हवेच्या पोकळ्या असतात, वरची हवा खाली पोचते.

अथणीकर: 'माना टाकल्या' नको. कोंबडीनं मान टाकली म्हणजे कोंबडी गेली. तुमचा टोमॅटो अजून जिवंत आहे.

निपाणीचा मास्तर: कबूल. मी 'पानं लोंबली' लिहीन, आणि मथळ्यात 'ताण' हवाच असेल तर 'जादा पाण्याचा ताण' असं पूर्ण. खानापूरकर, आधी चर काढून वाफ्यातलं पाणी घालवा.